मठकर काकांची चिंगमची कार्डं

फर्निचरची दुकानं मागे पडली तरी काका रिक्षाला हात करेनात. शेअर रिक्षावाले जवळ येऊन हळू व्हायचे, “अंबरनाथ, अंबरनाथ” म्हणायचे, आणि काका नुसती मान हलवायचे, कुणी चहा विचारल्यावर नको म्हणतात तशी. आमच्या दोघांच्या मध्ये एक मोठी खाकी पिशवी होती. एक बंद त्यांच्या हातात, एक माझ्या. पिशवीत आठ अल्बम, आणि अल्बमांत सगळं प्लास्टिक, त्यामुळे वजन चांगलंच होतं. उल्हासनगर कॅम्प तीनच्या हॉलमधून निघून आम्हाला अर्धा तास झाला होता. अंबरनाथ अजून तेवढंच लांब, जास्तच असेल.

“काका, रिक्षा करू या का? तुमचा गुडघा आहे.”

“गुडघ्याचं काय? तो माझ्याबरोबरच आलाय.”

मी मनातल्या मनात दत्ताचं नाव घेत होते. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, तीन वर्षं सांगायची राहिलेली, आणि आज ती सांगितल्याशिवाय घरी गेले असते तर संध्याकाळी दिवा लावायला माझा हात धजला नसता.

हे गेल्या जानेवारीतलं. मठकर काका श्रावणात गेले. पेपरात काही आलं नाही, येण्यासारखं काही नव्हतंही. म्हणून मीच लिहायला बसले.

गुरुदत्त मठकर ऑर्डनन्स फॅक्टरीत एक्झामिनर होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते तपासायचं आणि नसेल तर बाजूला काढायचा, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. घरी आल्यावर त्यांचा एकच नाद. नव्वद सालाच्या आसपास चिंगमच्या पाकिटात क्रिकेटरांची छोटी कार्डं यायची, पुढे फोटो, मागे रन आणि विकेटी. अंबरनाथ-बदलापूरची सगळी पोरं त्यासाठी वेडी होती, आणि पोरांत हे एक मोठे. सुनेत्राकाकू मला सांगायच्या, “ह्यांना कार्ड पाहिजे आणि चिंगम कुणी खायचं? मी. माझी दाढ त्यातच गेली बघ.” सांगताना त्या गालावर हात ठेवून हसायच्या. त्यांचा मुलगा सोहम शाळेत जाताना खिशात डबल आलेली कार्डं न्यायचा आणि नसलेली घेऊन यायचा.

मग काकांनी प्रदर्शन सुरू केलं. जानेवारीतला दुसरा रविवार, एका शाळेचा हॉल, फी नाही. दारावर त्यांच्या हातचा बोर्ड असायचा, ‘हात लावून बघा’. टेबलांवर पांढऱ्या चादरी आणि त्यावर कार्डं मांडलेली. चार वाजता काका शाळेची घंटा वाजवायचे आणि एक तास अदलाबदल चालायची. त्या तासात पैशाचं नाव काढायचं नाही हा त्यांचा नियम. कार्डाला कार्ड. एकदा कुणाच्या तरी वडिलांनी पाकीट बाहेर काढलं, तर काका म्हणाले, “साहेब, ते आत ठेवा, पोरांना सवय लागेल.”

दाराशी ते स्वतः वही घेऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाची एक रेघ ओढायचे. पाचवी रेघ आडवी. ती वही मी पाहिली आहे. नव्व्याण्णव साली सहाशे बारा माणसं आली होती. बदलापूरहून पोरं ग्रुपने यायची, चपलांचा ढीग पायऱ्यांवरून खाली मैदानात उतरायचा. मी तेव्हा नवीन लग्न होऊन अंबरनाथला मोरिवलीत आले होते. आमचे हे मला बघायला घेऊन गेले होते. मला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, पण एका फोटोवरून हात फिरवून पाहिला होता एवढं आठवतं.

दोन हजार पाच साली सव्वीस जुलैच्या पुरात काकांच्या खालच्या घरात पाणी शिरलं. कार्डांचा एक डबा भिजला आणि आतली कार्डं एकमेकांना चिकटून साबणाच्या वडीसारखी झाली. आठवड्याने ते माझ्या दुकानात आले. मोरिवलीच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं, आणि लॅमिनेशनचं मशीन तर आठ दिवसांचं नवं. लोक रेशनकार्डं, मार्कशिटं, देवाच्या तसबिरी घेऊन यायचे. काकांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक कार्ड.

“ताई, हे पाण्यापासून वाचेल असं करता येईल?”

“येईल की. देव वाचतात तर हा वाचणार नाही?”

ते पहिलं. मग दर मंगळवारी एक. मी म्हणायचे, काका, एकदम दहा-पंधरा आणा, मोठ्या पाऊचात बसतात. नाही. एका वेळी एकच, म्हणजे नीट तपासून होतं. मशीन गरम होईपर्यंत ते बाकावर बसायचे. कार्ड बाहेर आलं की ट्यूबलाइटसमोर धरायचे, हवेचा बुडबुडा आहे का बघायचे. चारी बाजूंनी प्लास्टिकची कडा दोन सूत सुटलीच पाहिजे, एका बाजूला जरी कमी झाली तरी म्हणायचे, “ताई, रिजेक्ट.” पण रिजेक्ट झालेलं परत कसं करणार? मग तेच म्हणायचे, “चला, सवलतीत पास.” कोपरे गोल करायला ते घरून नेलकटर आणायचे. मुलांच्या बोटाला टोचू नये म्हणून.

प्लास्टिक पाण्यासाठी लावलं खरं, पण त्यांना त्याचा वेगळाच आनंद झाला. आता मुलांनी वडापावच्या हातांनी कार्ड उचललं तरी भीती नव्हती. पुसायचं आणि पुढच्याला द्यायचं.

फक्त पुढचे येईनासे झाले. एका वर्षी तीनशे आली. काही वर्षांनी एकशे चाळीस, त्यात मोठी माणसंच जास्त, आपलं लहानपण बघायला आलेली. मग अडतीस. काका कुणाला नावं ठेवत नसत. “पोरं मोठी झाली, हा काय त्यांचा गुन्हा आहे?” म्हणायचे. लॉकडाऊननंतर नऊ. गेल्याच्या गेल्या वर्षी दोन, मी आणि शाळेचा शिपाई सुदाम. संध्याकाळी चादरी घडी करताना काका म्हणाले, “सुदामला धरता येत नाही हो. तो ड्युटीवर होता.” आणि त्यांनी वहीतली एक रेघ खोडली. चार वाजताची घंटा त्यांनी त्या दिवशीही वाजवली होती. मी एक कार्ड उचललं, त्यांनी एक उचललं, आणि आम्ही अदलाबदल केली. दोन्ही त्यांचीच.

सुनेत्राकाकू त्याच्या वर्षभर आधीच गेल्या होत्या.

गेल्या डिसेंबरात काका दुकानात आले ते मोबाइल समोर धरूनच. कार्डांचा मोठा शो, उल्हासनगर कॅम्प तीन, रविवार, असं पोस्टर. खाली आधीच्या शोचा व्हिडिओ होता. हॉल माणसांनी भरलेला, उभं राहायला जागा नाही.

“माणसं परत आली, ताई,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं संपलं. संपलं नव्हतं. ती फक्त आपल्याकडे येत नव्हती.”

त्यांनी त्या शोमध्ये एक टेबल भाड्याने घेतलं. त्या टेबलाच्या मागे काय होतं ते मला माहीत होतं. सोहम आता पुण्याला, आणि तो घर विकून काकांना तिकडे नेणार होता. मुलगा चांगला आहे, पण त्याने आधीच सांगितलं होतं, बाबा, कार्डं ठेवायला जागा नाही. काकांना ती विकायची नव्हती. ती सगळी मिळून एका ठिकाणी राहावीत, वर्षातून एकदा तरी कुणीतरी मांडावीत आणि लोकांनी बघावीत, एवढंच त्यांना पाहिजे होतं. त्या शोवाल्यांनी एक कोपरा दिला तर काम झालं, असा त्यांचा हिशोब. मला म्हणाले, “तुम्ही चला बरोबर. माझं हिंदी फॅक्टरीतलं आहे, पोरांना शिवीसारखं वाटेल.”

गेलो. दारात मनगटाला कागदी पट्टा बांधला. आत गर्दी होती, खरंच होती. उल्हासनगरची, कल्याण-डोंबिवलीची, पार ठाण्याची पोरं. फुटबॉलची कार्डं, कुस्तीवाल्यांची, कुठल्याशा जपानी कार्टूनची, आणि क्रिकेटची सहीवाली. प्रत्येक कार्ड जाड प्लास्टिकच्या डबीत, वर ग्रेडिंगची चिठ्ठी, म्हणजे कार्ड किती चांगलं त्याचे मार्क. कुणी पाकीट फोडत होतं, चार जण मोबाइल धरून त्याचं शूटिंग करत होते आणि आतून काय निघतंय त्यावर ओरडत होते. काकांनी आपली पांढरी चादर पसरली. अल्बम उघडून ठेवले, काही कार्डं सुटी मांडली, बोर्ड लावला. वही काढली.

लोक पुढून जात होते. एक जण थांबला, “अरे, ये तो बचपन में था अपने पास,” म्हणून सेल्फी काढून गेला. काकांनी एक रेघ ओढली. दुपारपर्यंत वहीत सतरा रेघा झाल्या, आणि काका खूश होते. खोटं नाही सांगत. मी डब्यातली पोळी-भाजी काढली तर म्हणाले, “तुम्ही खा, टेबलावर कुणीतरी लागेल.”

शेजारच्या टेबलावर अल्पेश नावाचा मुलगा होता, शो भरवणाऱ्यांतला एक, उल्हासनगरचाच, जीन्सच्या धंद्यातल्या घरातला. स्वभावाने चांगला. त्याने सकाळी आम्हाला खुर्च्या आणून दिल्या होत्या. गर्दी जरा कमी झाल्यावर तो आला आणि अल्बम चाळायला लागला. आधी भराभर, मग हळू. मग त्याने एक सुटं कार्ड उचललं आणि बोटाने कडा दाबून पाहिली.

“अंकल, ये सब लॅमिनेट किसने किया?”

काकांनी माझ्याकडे हात केला. अगदी अभिमानाने. “ये ताई ने. बीस साल से करती है. किनारा देखो, चारों तरफ से एक जैसा.”

अल्पेशने किनारा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण लावत बसले.

“अंकल, काम एकदम बढिया है,” तो म्हणाला. “पर लॅमिनेट किया तो कार्ड गया. कोई नहीं लेगा.”

“बेचना नहीं है मेरे को.”

“रखेगा भी नहीं कोई. ग्रेडिंगवाला हाथ नहीं लगाएगा.”

“प्लास्टिक काढलं तर?” काका मराठीतच विचारून बसले. अल्पेशला समजलं.

“निकालोगे तो छपाई साथ में आएगी.”

काका अल्पेशच्या टेबलाकडे बोट करून म्हणाले, “तुम लोग ने भी तो प्लास्टिक में रखा है.”

“हमारा खुलता है, अंकल.”

तेवढ्यात त्याची नजर अल्बमाखालच्या पाकिटावर गेली. त्यात तीन कार्डं होती, उघडी. माझ्या मशीनचा रोलर तीन आठवड्यांपूर्वी बिघडला होता, तीन मंगळवार रिकामे गेले होते, त्यांतली ती तीन, शेवटची राहिलेली. अल्पेशने ती कडेने धरून अलगद बाहेर काढली आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने कुणाला तरी हाक मारली. ते आले, त्यांनी अजून कुणाला बोलावलं. बघता बघता काकांच्या टेबलाभोवती दहा-बारा जण उभे. मान वाकवून, टॉर्च लावून ती तीन कार्डं बघत होते. कुणीतरी हातमोजा घातला होता. एकाने चांगली किंमत सांगितली, दुसऱ्याने वाढवली. गर्दीच्या धक्क्याने आमचा बोर्ड उलटा पडला.

काका खुर्चीत मागे सरकून ती गर्दी बघत होते. कितीतरी वर्षांनी त्यांच्या टेबलावर तेवढी माणसं आली होती. त्यांनी वही उघडली नाही.

मग उठून त्यांनी तिन्ही कार्डं परत घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. “सेट टूटता है,” म्हणाले. गर्दी गेली तशीच, एका मिनिटात. काकांनी अल्पेशला मग ते विचारलं, ज्यासाठी आले होते. एक कोपरा, वर्षातून एकदा, ही सगळी फक्त मांडायची. तो मुलगा अवघडला. टेबलाचं भाडं असतं, असं काहीतरी बोलला, मग म्हणाला, “अंकल, सच बोलूँ? लोग अब देखने नहीं आते. लेने आते हैं.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. त्यांनी चादर घडी केली. आणि आम्ही निघालो.

कॅम्प चारचा चौक ओलांडल्यावर मी थांबले. पिशवीचा बंद हातातच होता, त्यामुळे काकाही थांबले.

“काका, मला हे माहीत होतं.”

“काय?”

“लॅमिनेशन केलं की कार्ड जातं, ते. इंजिनीअरिंगची एक मुलगी प्रोजेक्ट काढायला आली होती. तुमचं कार्ड मशीनमधून बाहेर येताना तिने पाहिलं. म्हणाली, काकू, असली कार्डं लॅमिनेट करत नाहीत, वाया जातात. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

“कधी?”

“तीन वर्षं झाली.”

काका रस्त्याकडे बघत होते. नाल्याचं पाणी पुलाखालून निळं वाहत होतं, जीन्सच्या रंगाचं, तिथे रोज असतं तसं.

“म्हणजे सुनेत्रा गेली तेव्हा.”

“हो. काकू जाऊन महिनाही झाला नव्हता. तुम्ही मंगळवारी येत होतात, तेवढंच बाहेर पडत होतात. मला वाटलं, सांगितलं तर येणारच नाहीत. आणि वाटलं, कोण बसलंय ही विकायला? मग दर आठवड्याला सांगीन म्हणत राहिले. गुरुवारी देवळात कबूल करायचे आणि मंगळवारी परत मशीन लावायचे.”

त्यांनी माझ्या हातातला बंद सोडवून घेतला. दोन्ही बंद खांद्यावर टाकले आणि चालायला लागले. मी मागून. एकाहत्तर वर्षांचा माणूस, खांद्यावर ते वजन, पाय जरा फाकून पडत होता. मी हाक मारली नाही. मारायचा मला हक्क राहिला नव्हता. रिक्षावाले हळू होत होते आणि आम्हा दोघांतलं अंतर बघून पुढे जात होते.

असं बरंच चाललो. अंबरनाथची हद्द लागली तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांनी पिशवी टेकवली आणि बसले. श्वास लागला होता. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“तीन वर्षं म्हणजे दीडशे,” ते म्हणाले. “दीडशे वाचली असती.”

“हो.”

“आणि बाकी साडेसातशे तर मीच तुमच्या हातात दिली होती. तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं, मलाही.” त्यांनी गुडघा चोळला. “चौतीस वर्षं दुसऱ्यांचा माल रिजेक्ट केला, ताई. घरातला सगळा लॉट रिजेक्ट निघाला.”

मला रडू आलं. त्यांनी वर पाहिलं नाही, म्हणून मी पदराने तोंड पुसून घेतलं. ते सरकले आणि मला पायरीवर जागा करून दिली. मी बसले. रविवारचा ओव्हरटाइम करून फॅक्टरीतून सुटलेली माणसं सायकलवरून जात होती, त्यातला एक जण काकांना ओळखून “काय मठकर” म्हणाला आणि काकांनी हात वर केला.

“रोलर आला का?” त्यांनी विचारलं.

“काल आला. बसवला.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून ते पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला कळायला वेळ लागला.

“काका, नको. ही तरी राहू देत उघडी. त्या मुलांना द्या. ती जपतील तरी.”

“तीच तर. ही तीन जपतील. उद्या मी नसलो तर सोहम ह्यांना नीट जागी देईल, आणि ती नऊशे बारा रद्दीत जातील. ह्या तिघांनी असं काय पुण्य केलंय? तुमचं मशीन बिघडलं, एवढंच.”

“मला नाही होणार, काका. आता माहीत असताना नाही होणार.”

“तुमच्याशिवाय कुणाच्या हातचं नको आहे मला.” त्यांनी पाकीट माझ्या बोटांखाली सरकवलं. “परवा मंगळवार आहे. करून द्या, ताई. कडा दोन सूत सोडा. सगळी एका पंगतीत बसू देत.”